न्यूट्रॉन ताऱ्यांची जलद क्ष-किरण दोलने आणि तीव्र गुरुत्वाकर्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही दोलने कोणत्या ताऱ्यांमध्ये दिसतात?

ज्या न्यूट्रॉन ताऱ्याला, म्हणजे मोठा तारा कोसळून उरलेल्या अतिशय दाट गाभ्याला, एखादा सामान्य, कमी वस्तुमानाचा साथीदार तारा आहे आणि त्या साथीदाराकडून ज्याच्यावर सतत वायू ओढला जातो, अशा युग्मताऱ्यांमध्ये ती दिसतात. साथीदाराकडून येणाऱ्या वायूला कोनीय संवेग असल्यामुळे तो सरळ खाली कोसळत नाही. तो न्यूट्रॉन ताऱ्याभोवती फिरणाऱ्या चकतीत गोळा होतो, घर्षणाने तापतो आणि हळूहळू आत सरकत जातो. चकतीचा अगदी आतला भाग आणि ताऱ्याचा पृष्ठभाग यांचे तापमान कोट्यवधी अंशांपर्यंत पोहोचते, म्हणून त्यांचा प्रकाश मुख्यतः क्ष-किरणांत बाहेर पडतो. या क्ष-किरणांची तीव्रता स्थिर नसते. इतर अनेक मंद चढउतारांबरोबर तिच्यात सेकंदाला सुमारे ३०० ते १,३०० वेळा होणारे बारीक चढउतारही मिसळलेले असतात. त्यांना किलोहर्ट्झ क्यूपीओ, म्हणजे जवळजवळ नियमित (क्वासी-पीरिऑडिक) दोलने, असे म्हणतात; सेकंदाला एक आवर्तन म्हणजे एक हर्ट्झ. अशा दोलनांसाठी प्रसिद्ध असलेला स्कॉर्पियस एक्स-१ हा वृश्चिक तारकासमूहात, ज्येष्ठा ताऱ्याच्या उत्तरेला आहे. सौरमालेबाहेर सापडलेला हा पहिला क्ष-किरण स्रोत. १९६२ च्या जूनमध्ये रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉकेटवर बसवलेल्या उपकरणांनी तो शोधला आणि क्ष-किरण खगोलशास्त्रातील पायाभूत कार्यासाठी जियाकोनी यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सेकंदाला हजार वेळा ही गती कशावरून येते?

न्यूटनच्या काळापासून माहीत असलेल्या नियमावरून. कोणत्याही वस्तूभोवतीच्या कक्षेत एक फेरी पूर्ण व्हायला लागणारा वेळ मधल्या वस्तूच्या वस्तुमानावर आणि कक्षेच्या त्रिज्येवर ठरतो. मधला तारा सूर्याच्या १.४ पट वस्तुमानाचा धरला, तर सेकंदाला १,००० फेऱ्या होण्यासाठी कक्षेची त्रिज्या सुमारे १६.८ किलोमीटर असावी लागते. न्यूट्रॉन ताऱ्याची स्वतःची त्रिज्या १२ किलोमीटरच्या आसपास असते. म्हणजे हा वायू पृष्ठभागापासून अवघ्या चार-पाच किलोमीटरवर फिरत असतो आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे एक लाख किलोमीटर, प्रकाशाच्या वेगाच्या एक तृतीयांशाहून थोडा अधिक, इतका भरतो.

याच निष्कर्षाकडे दुसऱ्या बाजूनेही जाता येते. एका मिलिसेकंदात प्रकाश ३०० किलोमीटर जातो, त्यामुळे मिलिसेकंदात एकजुटीने बदलणारा स्रोत त्याहून फार मोठा असू शकत नाही. साधारण ताऱ्याच्या किंवा श्वेत बटूच्या पृष्ठभागाजवळ इतक्या जलद कक्षा मुळात शक्यच नाहीत. हा संकेत ताऱ्याच्या अगदी निकटच्या परिसरातून येतो याबद्दल कोणताही गंभीर वाद नाही. वाद आहे तो त्या परिसरात नेमके काय डोलते याबद्दल.

क्ष-किरणांची ही लुकलुक आलेखावर थेट दिसते का?

दिसत नाही, आणि या विषयाची बरीच अडचण व बरेच सौंदर्यही इथेच आहे. एखाद्या मध्यम तेजाच्या स्रोताकडून मोठ्या उपकरणातही सेकंदाला दोन-तीन हजार फोटॉन येतात. दोलन सेकंदाला हजार वेळा होत असेल तर एका आवर्तनाच्या वाट्याला फक्त दोन-तीन फोटॉन पडतात. शिवाय दोलनामुळे होणारा फरक एकूण तेजाच्या काही टक्क्यांचाच असतो. दोन-तीन फोटॉनांत काही टक्क्यांचा फरक ओळखणे कोणत्याही डोळ्याला शक्य नाही.

म्हणून फोटॉनांच्या आगमनाच्या वेळा सूक्ष्म अचूकतेने नोंदवून त्या मालिकेवर फूरिए रूपांतर करतात आणि प्रत्येक वारंवारतेला तेजाचा चढउतार किती आहे हे दाखवणारा पॉवर स्पेक्ट्रम काढतात. फोटॉनांचे आगमन यादृच्छिक असल्यामुळे सगळ्या वारंवारतांवर सारख्याच उंचीची एक गोंगाटाची पातळी मिळते आणि हजारो तुकड्यांची सरासरी घेतल्यावर तिच्यातून एखादे रुंदट शिखर वर येते. ते शिखर म्हणजे आपले दोलन.

यात एक गणिती बाब फार महत्त्वाची आहे. दुबळ्या संकेताची विश्वासार्हता फोटॉनांच्या दराच्या सम प्रमाणात वाढते, पण निरीक्षणाच्या कालावधीच्या फक्त वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. उपकरणाचे क्षेत्रफळ दुप्पट केल्याने जे साधते, त्यासाठी लहान उपकरणाला चौपट वेळ बघत बसावे लागते. आणि तेवढ्या वेळात दोलनाची वारंवारताच सरकून जाते. या क्षेत्रात सुबक प्रतिमा घेणाऱ्या दुर्बिणींपेक्षा मोठ्या क्षेत्रफळाच्या वायूभरित गणकांनी, म्हणजे फोटॉन मोजणाऱ्या उपकरणांनी, अधिक मोठी कामगिरी केली, त्यामागे हेच गणित आहे.

शोध कधी आणि कसा लागला?

१९८५ मध्ये युरोपच्या एक्सोसॅट उपग्रहाच्या निरीक्षणांतून मिखिएल फान डेर क्लिस आणि सहकाऱ्यांना जीएक्स ५-१ या स्रोतात सेकंदाला २० ते ४० वेळा होणारी दोलने सापडली होती. त्याहून जलद दोलने असू शकतील अशी अपेक्षा होती, पण ती पकडणारे साधन नव्हते. ३० डिसेंबर १९९५ रोजी नासाने ब्रुनो रॉसी यांच्या नावाचा रॉसी क्ष-किरण कालमापन उपग्रह सोडला. त्याच्या मुख्य उपकरणात पाच गणक होते. त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे ६,५०० चौरस सेंटिमीटर होते आणि फोटॉनाची वेळ मायक्रोसेकंदापर्यंत नोंदवण्याची त्यांची क्षमता होती. पुढच्या काही आठवड्यांतच, १९९६ च्या सुरुवातीला, स्कॉर्पियस एक्स-१ मध्ये सुमारे १,१०० हर्ट्झचे आणि ४यू १७२८-३४ मध्ये ८०० ते १,१०० हर्ट्झच्या दरम्यानचे दोलन मिळाले. पहिल्या शोधाचे नेतृत्व अॅमस्टरडॅमच्या फान डेर क्लिस यांच्याकडे होते, दुसऱ्याचे नासाच्या गॉडर्ड केंद्रातील टॉड स्ट्रोमायर यांच्याकडे. उपग्रह २०१२ च्या जानेवारीत बंद होईपर्यंत अशा स्रोतांची संख्या डझनांत मोजण्याइतकी झाली होती आणि त्यांपैकी बहुतेकांत एक नव्हे तर दोन शिखरे एकाच वेळी दिसत होती.

ही दोलने आणि पल्सारचे स्पंद यांत फरक काय?

पल्सार म्हणजे नियमित स्पंद देणारा, फिरता न्यूट्रॉन तारा. त्याचा स्पंद ताऱ्याच्या स्वतःच्या परिवलनाशी बांधलेला असतो, म्हणून तो अत्यंत नियमित असतो. किलोहर्ट्झ दोलनांत ती नियमितता नसते. काही दहापट, क्वचित शंभर-दोनशे आवर्तनांपर्यंत लय टिकते, मग तिचा टप्पा हरवतो आणि नवे आवर्तन सुरू होते. वारंवारताही एका जागी थांबत नाही. काही तासांत ती शेकडो हर्ट्झने वरखाली होते आणि सहसा स्रोत उजळतो तेव्हा वाढते. चकतीची आतली कड आत-बाहेर सरकते असे मानले तर हे वागणे समजण्यासारखे आहे. मात्र दिवसांच्या अंतराने घेतलेल्या निरीक्षणांत तेच तेज वेगळ्या वारंवारतेशी जोडलेले आढळते. तेव्हा फक्त तेजावरून कडेची जागा ठरवता येत नाही. ही गोष्ट पुढे एका मोठ्या दाव्याच्या संदर्भात पुन्हा येईल.

आणखी एक तिसरा प्रकार आहे. ताऱ्यावर साचलेला हेलियम किंवा हायड्रोजन अधूनमधून एकदम पेटतो आणि काही सेकंदांचा क्ष-किरण स्फोट होतो. त्या स्फोटात तापलेला डाग ताऱ्याबरोबर फिरताना जे दोलन दिसते, त्यावरून परिवलनाचा वेग कळतो. ४यू १७२८-३४ साठी तो सेकंदाला ३६३ फेऱ्या आहे, ४यू १६३६-५३६ साठी ५८१.

‘तीव्र गुरुत्वाकर्षण’ हे किती तीव्र?

गुरुत्वाकर्षण किती तीव्र आहे हे मोजण्याची सोयीची पद्धत म्हणजे वस्तूच्या वस्तुमानाशी निगडित लांबी, म्हणजे गुरुत्व स्थिरांक गुणिले वस्तुमान भागिले प्रकाशवेगाचा वर्ग, आणि वस्तूची त्रिज्या यांचे गुणोत्तर पाहणे. पृथ्वीसाठी हे गुणोत्तर एक अब्जांशापेक्षाही कमी आहे, सूर्याच्या पृष्ठभागावर सुमारे २ दशलक्षांश आहे. १.४ सौर वस्तुमानाच्या आणि १२ किलोमीटर त्रिज्येच्या न्यूट्रॉन ताऱ्यासाठी ते ०.१७ भरते. व्यापक सापेक्षता सिद्धांताच्या ज्या प्रसिद्ध कसोट्या सूर्यमालेत झाल्या, त्या सगळ्या अतिशय क्षीण गुरुत्वाच्या प्रदेशातील आहेत. तिथे न्यूटनच्या उत्तरात एक बारीकशी दुरुस्ती करावी लागते. न्यूट्रॉन ताऱ्याजवळ तीच दुरुस्ती मूळ उत्तराच्या तोडीची होते. तिथल्या पृष्ठभागावरचे एक सेकंद दूरच्या निरीक्षकाला जवळजवळ सव्वा सेकंदाचे दिसते. पृष्ठभागावर पडणाऱ्या वायूच्या वस्तुमानात सामावलेल्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के मुक्त होते, तर हायड्रोजनच्या संमीलनातून एक टक्काही मिळत नाही.

सर्वात आतली स्थिर कक्षा म्हणजे काय?

न्यूटनच्या सिद्धांतात मधल्या वस्तूभोवती कितीही जवळून वर्तुळाकार कक्षा असू शकते. फक्त वेग तेवढा हवा. आइन्स्टाइनच्या सिद्धांतात तसे नाही. गतिज ऊर्जेलाही गुरुत्वाकर्षण लागू होते, त्यामुळे एका ठरावीक अंतराच्या आत कितीही वेगाने फिरले तरी कक्षा स्थिर राहत नाही आणि किंचित धक्का लागताच वायू आवर्तात खेचला जातो. परिवलन नसलेल्या वस्तूसाठी हे अंतर त्या वस्तूच्या श्वार्त्झशिल्ड त्रिज्येच्या, म्हणजे तेवढ्याच वस्तुमानाच्या कृष्णविवराच्या त्रिज्येच्या, तिप्पट असते. १.४ सौर वस्तुमानासाठी ते १२.४ किलोमीटर येते आणि तिथली कक्षीय वारंवारता सुमारे १,५७० हर्ट्झ होते. सोपे सूत्र असे की, २,२०० हर्ट्झला सौर वस्तुमानांच्या संख्येने भागावे. २ सौर वस्तुमानांच्या ताऱ्यासाठी उत्तर १,१०० हर्ट्झ येते. तारा फिरत असेल तर या वारंवारतांत थोडी वाढ करावी लागते.

न्यूटनच्या भौतिकीत या कक्षेला काही प्रतिरूपच नाही. म्हणून तिचा पुरावा मिळणे ही सिद्धांताची बारीक दुरुस्ती तपासण्यापेक्षा गुणात्मकदृष्ट्या वेगळी कसोटी ठरते. या दोलनांबद्दलच्या उत्सुकतेचे मूळ माझ्या मते इथे आहे.

मग तिचा पुरावा मिळाला आहे का?

१९९८ मध्ये तसा दावा झाला. ४यू १८२०-३० हा स्रोत एनजीसी ६६२४ या गोलाकार तारकागुच्छात आहे आणि त्यातील दोन तारे एकमेकांभोवती अवघ्या ११.४ मिनिटांत फेरी पूर्ण करतात. या स्रोताचे तेज वाढत जाते तसतशी दोलनाची वारंवारता वाढते, पण सुमारे १,०६० हर्ट्झला पोहोचल्यावर तेज वाढले तरी ती वाढेनाशी होते, असे विल्यम झांग आणि सहकाऱ्यांना आढळले. चकतीची कड स्थिर कक्षांच्या शेवटच्या हद्दीला पोहोचली, आता तिला आणखी आत यायला जागाच नाही, असा अर्थ त्यांनी लावला. तो खरा असेल तर ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे २.२ पट निघते.

अर्थ मोहक आहे, पण तो अद्याप पक्का धरता येत नाही. वर म्हटल्याप्रमाणे तेज हे वायूच्या आवकीचे भरवशाचे माप नाही. निरनिराळ्या दिवसांच्या निरीक्षणांतले बिंदू एकाच आलेखावर ठेवले की न थांबणारी वारंवारताही थांबल्यासारखी भासू शकते. २००५ नंतर दिदिए बारे, जाँ-फ्राँस्वा ऑलिव्ह आणि कोल मिलर यांनी दुसरा मार्ग घेतला. त्यांनी तेज बाजूला ठेवून दोलनाची सुबकता, म्हणजे शिखराची वारंवारता आणि त्याची रुंदी यांचे गुणोत्तर पाहिले. ४यू १६३६-५३६ मध्ये खालच्या शिखराची सुबकता वाढत वाढत २०० च्या आसपास जाते आणि मग वारंवारता आणखी वाढताच झपाट्याने कोसळते. शेवटच्या स्थिर कक्षेजवळ वायू फार काळ टिकू शकत नसल्यामुळे लय मोडणे अपेक्षितच आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. यावर मारियानो मेंडेस यांनी आक्षेप घेतला. निरनिराळ्या स्रोतांत दोलनाची कमाल सुबकता आणि कमाल तीव्रता त्या स्रोतांच्या एकूण तेजाशी निगडित दिसते. म्हणून हा ऱ्हास अवकाशकालाच्या रचनेमुळे नसून वायूच्या प्रवाहातील बदलांमुळेही होत असावा. दोन्ही बाजूंचे निरीक्षण खरे आहे. प्रश्न अर्थाचा आहे, आणि दोलन नेमके कसे उत्पन्न होते हे ठरल्याशिवाय तो सुटणार नाही.

कोणतेही प्रारूप न मानता काही निश्चित सांगता येते का?

येते, आणि मला हा भाग सर्वाधिक मोलाचा वाटतो. वरच्या शिखराची वारंवारता कक्षीय गतीची आहे एवढे एकच मान्य केले तरी दोन मर्यादा हाती येतात. तारा त्या कक्षेच्या आत मावला पाहिजे, म्हणून त्याच्या त्रिज्येला कमाल मर्यादा लागते. ती कक्षा स्थिर असली पाहिजे, म्हणून वस्तुमानालाही मर्यादा लागते. मिलर, लँब आणि साल्टिस यांनी १९९८ मध्ये हे सुटसुटीत रूपात मांडले. परिवलन दुर्लक्षिले तर १,२०० हर्ट्झच्या दोलनासाठी वस्तुमान सुमारे १.८ सौर वस्तुमानांपेक्षा आणि त्रिज्या सुमारे १६ किलोमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. परिवलन धरल्यास दोन्ही मर्यादा काहीशा सैल होतात. ४यू ०६१४+०९ मध्ये सुमारे १,३३० हर्ट्झपर्यंतचे दोलन नोंदले गेले आहे, तिथे मर्यादा आणखी कडक होतात. अणुकेंद्रापेक्षाही दाट द्रव्य दाबाखाली कसे वागते याची जी अनेक समीकरणे सुचवली गेली आहेत, त्यांतील फार मोठे तारे देणारी समीकरणे यामुळे अडचणीत येतात.

पुढे नायसर या अंतराळ स्थानकावरील उपकरणाने पूर्णपणे वेगळ्या पद्धतीने, पल्सारच्या तप्त डागांच्या प्रकाशावरून, २०१९ मध्ये जे००३०+०४५१ या पल्सारची त्रिज्या १३ किलोमीटरच्या आसपास काढली. दोलनांनी घातलेल्या मर्यादेत ती व्यवस्थित बसते.

दोन शिखरे का असतात?

याचे सर्वमान्य उत्तर अजून नाही, पण तीन विचारप्रवाह नीट समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला असा की वरचे शिखर चकतीच्या आतल्या कडेची कक्षीय वारंवारता आहे आणि खालचे शिखर ती व ताऱ्याचे परिवलन यांच्या परस्परक्रियेतून आले आहे. तसे असेल तर दोहोंतील फरक परिवलनाच्या वारंवारतेइतका आणि स्थिर असायला हवा. स्कॉर्पियस एक्स-१ मध्ये मात्र वारंवारता वाढते तसा हा फरक सुमारे ३१० वरून २३० हर्ट्झपर्यंत घटतो. निर्णायक धक्का २००२ मध्ये बसला. एसएएक्स जे१८०८.४-३६५८ हा तारा सेकंदाला ४०१ वेळा फिरतो हे १९९८ पासून निश्चित माहीत होते. त्याच्या २००२ च्या उद्रेकात दोन शिखरे सापडली आणि त्यांतील फरक सुमारे १९५ हर्ट्झ, परिवलनाच्या जवळजवळ निम्मा, निघाला. परिवलनाचा काहीतरी संबंध आहे हे सुचले, पण मूळ साधे प्रारूप टिकले नाही.

दुसरा विचार लुईजी स्टेला आणि मारिओ व्हिएत्री यांचा. किंचित लांबट कक्षेचा ताऱ्याजवळचा बिंदू प्रत्येक फेरीला पुढे सरकतो. बुधाच्या बाबतीत हे सापेक्षताजन्य सरकणे शतकाला ४३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) इतके अल्प आहे. न्यूट्रॉन ताऱ्यापाशी तोच परिणाम सेकंदाला शेकडो पूर्ण प्रदक्षिणा इतका प्रचंड होतो, आणि खालचे शिखर म्हणजे हेच सरकणे, असे ते म्हणतात. शिवाय फिरणारा तारा आपल्याभोवतीचा अवकाशकाल बरोबर ओढतो, त्यामुळे तिरपी कक्षा भोवऱ्यासारखी डुलते. सेकंदाला काही दहा वेळा होणारी मंद दोलने या डुलण्याची असावीत. पृथ्वीभोवती हाच परिणाम ग्रॅव्हिटी प्रोब बी या उपग्रहाने मोजला तेव्हा तो वर्षाला विकलेच्या सुमारे २५ व्या भागाइतका होता. या प्रारूपात शिखरांमधील फरक वारंवारतेबरोबर घटणे आपोआप येते, हे त्याचे बलस्थान. मात्र आकडे जुळवायचे तर तारे साधारण २ सौर वस्तुमानांचे धरावे लागतात. एवढे जड न्यूट्रॉन तारे आहेत हे २०१० नंतर पल्सारच्या मापनांनी सिद्ध झाले असले, तरी या सर्वच युग्मांत ते तसे असतील असे मानणे अवघड आहे.

तिसरा विचार व्लोजिमिएश क्लुझ्निआक आणि मारेक अब्रामोविच यांचा. चकतीच्या दोन नैसर्गिक कंपनांमध्ये अनुनाद होतो आणि त्यांच्या वारंवारता लहान पूर्णांकांच्या गुणोत्तरात, विशेषतः ३:२ मध्ये, बांधल्या जातात. न्यूट्रॉन ताऱ्यांत मात्र शिखरे शेकडो हर्ट्झ सरकतात, आणि गुणोत्तरही बदलते.

कृष्णविवरांतही अशी दोलने दिसतात का?

दिसतात, पण दुर्मीळ आणि क्षीण. जीआरओ जे१६५५-४० मध्ये ३०० आणि ४५० हर्ट्झची, जीआरएस १९१५+१०५ मध्ये ६७ हर्ट्झची दोलने मिळाली आहेत. कृष्णविवर जड असल्यामुळे त्याची वारंवारता कमी असणे अपेक्षित आहे. ज्याला पृष्ठभागच नाही अशा वस्तूजवळही जलद दोलने होतात, यावरून निदान काही दोलने चकतीतच जन्मतात हे दिसते.

भारताचा या अभ्यासात काय वाटा आहे?

रॉसी उपग्रह बंद झाल्यावर मोठ्या क्षेत्रफळाच्या गणकांची जागा काही वर्षे रिकामी होती. ती २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या अॅस्ट्रोसॅटने भरून काढली. त्यावरील लॅक्सपीसी हे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, कुलाब्याला, घडले. त्यात तीन गणक असून त्यांची ऊर्जाकक्षा ३ ते ८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. जास्त ऊर्जेच्या क्ष-किरणांत त्याचे क्षेत्रफळ रॉसी उपग्रहाच्या उपकरणापेक्षा बरेच अधिक भरते. दोलनाची तीव्रता ऊर्जेबरोबर वाढते, म्हणून ते कुठे उत्पन्न होते हे शोधण्यासाठी नेमकी हीच जागा उपयोगाची आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लॅक्सपीसीने ४यू १७२८-३४ मध्ये ८१५ हर्ट्झच्या वर सरकत जाणारे किलोहर्ट्झ दोलन आणि स्फोटातील ३६३ हर्ट्झचे दोलन, दोन्ही टिपले. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्राने अॅस्ट्रोसॅटच्या उपकरणांत आणि त्यांच्या माहितीचे विश्लेषण करणाऱ्यांच्या प्रशिक्षणात मोठा भाग उचलला. टाटा संस्थेचे सुदीप भट्टाचार्य यांनी स्ट्रोमायर यांच्यासह २००७ मध्ये सर्पेन्स एक्स-१ मध्ये लोहाची रुंदावलेली, असममित वर्णरेषा दाखवली. चकतीची आतली त्रिज्या काढण्याची ती दोलनांपासून स्वतंत्र वाट आहे, आणि एकाच स्रोतात दोन्ही वाटांची उत्तरे पडताळून पाहणे हे माझ्या दृष्टीने पुढचे सर्वात आशादायक काम आहे.

एखाद्या विद्यार्थ्याला ही दोलने स्वतः शोधता येतील का?

नक्की येतील. रॉसी उपग्रहाची सर्व निरीक्षणे नासाच्या गॉडर्ड केंद्राच्या संग्रहात विनामूल्य खुली आहेत आणि अॅस्ट्रोसॅटची निरीक्षणे इस्रोच्या अवकाश विज्ञान माहिती केंद्रातून मिळतात. विश्लेषणासाठी पायथन भाषेतील स्टिंगरे हा मुक्त संगणकीय संच पुरेसा आहे. सुरुवात ४यू १६०८-५२ किंवा ४यू १७२८-३४ पासून करावी, कारण त्यांची शिखरे ठळक असतात. निरीक्षणाचे काही सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येकाचा पॉवर स्पेक्ट्रम काढावा, त्यांची सरासरी घ्यावी आणि २०० ते १,५०० हर्ट्झमधला भाग पाहावा. शिखर धूसर दिसले तर सरासरी घेण्याआधी प्रत्येक तुकड्यातील वारंवारतेचे सरकणे दुरुस्त करावे; एकाच निरीक्षणात वारंवारता पन्नास हर्ट्झने सरकली असेल, तर न दुरुस्त केलेल्या सरासरीत अरुंद शिखरही पसरट होऊन गोंगाटात मिसळते. गणकाला प्रत्येक फोटॉननंतर काही मायक्रोसेकंद नवा फोटॉन नोंदवता येत नाही, त्यामुळे तेजस्वी स्रोतांत गोंगाटाची पातळी किंचित खाली जाते. स्कॉर्पियस एक्स-१ हाताळताना ही दुरुस्ती केल्याशिवाय दोलनाच्या तीव्रतेचे आकडे मांडू नयेत.